अडकलेला हर्निया आणि सहाचा कार्यक्रम

आमच्या सोलापूरच्या वाद्यवृंदाचा वार्षिक कार्यक्रम पितृपक्षात असतो. "पक्षात कसला कार्यक्रम करता हो?" असं विचारणारे दरवर्षी भेटतात. वृंदातले निम्मे वादक लग्नाच्या बँडमध्ये, देवळांत, मिरवणुकांत वाजवून पोट भरतात. गणपती उठले की घटस्थापनेपर्यंत त्यांना सुपारी नसते, आणि सभागृहाची तारीखही त्याच दिवसांत सुखासुखी मिळते. म्हणून पितृपक्ष.

मी पेशाने सर्जन, आणि या वृंदाचा अध्यक्ष. मला एकही वाद्य येत नाही. टॉवेल-चादरीच्या कारखानदारांकडे देणगी मागायला जाणं, हुतात्मा स्मृती मंदिर या सभागृहाची तारीख धरणं आणि कोण पुढे बसणार यावरची भांडणं मिटवणं एवढं माझं काम. सर्जनला हे कुठून सुचलं, असं कुणी विचारलं की मी एकोणिसाव्या शतकातल्या बिलरॉथ या सर्जनचं नाव सांगतो. जठराचा भाग काढून उरलेलं जठर आतड्याला जोडण्याच्या पद्धतींना आम्ही आजही 'बिलरॉथ वन' आणि 'बिलरॉथ टू' म्हणतो. जठराच्या कर्करोगाची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया त्याने १८८१ मध्ये व्हिएन्नात केली. हाच माणूस व्हायोला वाजवायचा, आणि ब्राम्ससारख्या संगीतकाराने १८७३ मध्ये आपल्या दोन स्ट्रिंग क्वार्टेट्स, म्हणजे चार तंतुवाद्यांसाठीच्या रचना, त्याला अर्पण केल्या. मला कुणी काही अर्पण करणार नाही, हे मला माहीत आहे. ध्वनिक्षेपकाचं बिल मात्र दरवर्षी माझ्याच टेबलावर येतं.

त्या वर्षी कार्यक्रम तिन्ही भाषांतला ठरला होता: तुकोबांचे अभंग, सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं आणि त्यागराजांची एक तेलुगू कृती. सोलापुरात याशिवाय दुसरं काही ठरवलं तर निम्मं सभागृह रुसतं. मुख्य वाद्य सनई. फुंकवाद्यांचं वेड आमच्याकडे जुनं. सनईच्याच जातीची पण तिच्याहून आखूड अशी सुंदरी इथल्या जाधव घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या जपली आहे. आमचे सनईवाले साठीच्या पुढचे. वृंदात सगळे त्यांना मामा म्हणतात.

कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी ओपीडी सुरू होते न होते तोच रिक्षातून मामाच उतरले. एक हात जांघेवर, दुसरा भाच्याच्या खांद्यावर.

"सर, रात्रीपासनं दुखायलंय. उलट्या पण झाल्या. एक इंजेक्शन द्या, संध्याकाळपुरतं."

धोतर सोडलं तर आत चामड्याचा पट्टा. उजव्या जांघेत लिंबापेक्षा मोठी, घट्ट, हात लावू न देणारी गाठ. खोकायला लावलं तरी हलेना. पोट फुगलेलं. एक्स-रेत आतड्यात पाण्याच्या पातळ्या स्पष्ट दिसत होत्या. हर्निया अडकला होता, म्हणजे पोटाच्या भिंतीतल्या फटीतून बाहेर आलेलं आतडं तिथेच आवळलं गेलं होतं. गाठ किती दिवसांची, असं विचारलं तर मामा छताकडे बघायला लागले. भाचा म्हणाला, "मागच्या लग्नसराईपासनं आहे. झोपलं की आत जायची, म्हणून पट्टा बांधून वाजवत होते."

सनई फुंकून हर्निया होतो असं मी म्हणणार नाही. पण असलेल्या हर्नियाला तो दाब सोसत नाही. गाल फुगवून, श्वास कोंडून तासन्‌तास फुंकायचं म्हणजे पोटावर जोर येतोच. मामांना हे कळत नव्हतं असं नाही. ऑपरेशन म्हणजे दीड-दोन महिने घरी, आणि घरी बसलं की बिदागी बंद, हा हिशोब त्यांनी केला होता. हिशोबात काही चूक नव्हती.

भूलतज्ज्ञ मॅडम आल्या. मामांनी हात जोडले. "घशात नळी घालू नका हो. पुढचे दात हलले तर सनईची पत्ती कशात धरू?" मॅडमनी खरोखरच टॉर्च लावून दात पाहिले, दोन हलत होते. कमरेत इंजेक्शन देऊन भूल द्यायची ठरली. पोट रिकामं ठेवायला नाकातून रबरी नळी मात्र घालावी लागली, आणि तिच्यामुळे मामा बाकीच्या वेळभर गेंगाण्या आवाजात बोलत राहिले.

बोलत राहिले हे खरंच. पडद्याच्या पलीकडून सूचना चालू. भाचा इतकी वर्षं त्यांच्यामागे बसून नुसता सूर धरायचा. आज त्याने पुढे बसायचं होतं. "माझ्या पत्त्यांची डबी घरी देव्हाऱ्याशेजारी आहे. तांबडा दोरा बांधलेली घे. नवी घेऊ नको, ती अजून ओठाला बसली नाही." सिस्टर बाहेर जाऊन निरोप देऊन आल्या. सनईही मामांचीच घ्यायची होती, कारण सनईचा स्वर तिच्या लांबीतच ठरलेला; व्हायोलिन आणि तबला तिला मिळवून बसतात. भाच्याने स्वतःची आणली असती तर आयत्या वेळी सगळ्यांची मिळवामिळव.

पडद्याच्या अलीकडे मी हर्नियाची पिशवी उघडली होती. आतड्याचा वेढा आधी बोटांत धरून ठेवावा लागतो. आवळलेली कडा कापताच तो पोटात निसटला तर त्याची अवस्था कळत नाही. कडा कापली. वेढा जांभळट, निस्तेज, वांग्याच्या सालीवर आलेला रंग. गरम सलाइनमध्ये भिजवलेल्या कपड्यात गुंडाळला, मॅडमनी ऑक्सिजन वाढवला, आणि आम्ही थांबलो. या वेळी सर्जनला काही करता येत नाही. रंग परतला तर ठीक, नाहीतर तेवढं आतडं कापून जोडायचं.

"किती वाजले, सर?"

"अजून वेळ आहे, मामा."

"त्याला सांगा, वचनात घाई करू नको. हलगीवाला पळवतो."

कपडा उघडला. एका कडेने गुलाबी रंग चढत होता. आतड्याला धरून ठेवणाऱ्या पातळ पडद्यातल्या रक्तवाहिनीचा ठोका बोटाला लागला, आणि थोड्या वेळाने वेढा आपणहून गांडुळासारखा सरकला. मॅडमना नुसती मान हलवून दाखवली. आतडं आत गेलं, जाळी बसवली, टाके घातले.

संध्याकाळी मी सभागृहात पोचलो तेव्हा विंगेत वाद चालू होता. खजिनदारांच्या हातात पाकिटं होती. मामांचं पाकीट भाच्याला द्यावं, म्हणजे प्रश्न मिटला, असं त्यांचं म्हणणं. एक देणगीदार म्हणाले, "वाजवलं नाही त्याला मानधन कसं? हिशोबात काय दाखवायचं?" माणूस वाईट नाही, दरवर्षी सगळ्यात मोठा चेक त्यांचाच असतो. पण त्यांच्या कारखान्यात कुणी आजारी पडला तर ते काय करतात, हे मला ठाऊक होतं, म्हणून तो विषय काढला नाही.

मी दुसराच हिशोब मांडला. व्यासपीठावर तेरा शाली होत्या, तेरा श्रीफळं, आणि बाहेर आम्हा पदाधिकाऱ्यांचे चेहरे असलेले फ्लेक्स. सगळ्याची बेरीज मामांच्या नवरात्रातल्या कमाईच्या आसपास जात होती. शाली दुकानदार परत घेणार होता. फ्लेक्सचे पैसे गेले ते गेले, पुढच्या वर्षी मात्र छापायचे नाहीत. मामांचं पाकीट मामांना, भाच्याचं वेगळं भाच्याला, आणि शालींचे पैसे मामांच्या नवरात्राला. कलावंतांवर प्रेम आहे असं माइकवर सांगणारे आपण त्यांना फक्त वाजवण्याच्या दिवशी ओळखतो, हे मला बरेच दिवस बोलायचं होतं. त्या दिवशी जरा चढ्या आवाजातच बोललो. देणगीदार रागावले. पुढच्या वर्षीचा चेक मात्र आला, रक्कम तीच.

सत्काराला काही नव्हतं म्हणून कार्यक्रम प्रथमच वेळेवर सुरू झाला. भाच्याचा पहिला अभंग कापराच झाला, वचनात तो सावरला. हलगीवाल्याने पळवलंच.

टाके काढायला मामा आले. घटस्थापना तोंडावर होती.

"देवळात नुसतं बसून हळू वाजवतो, सर."

"नाही."

"दसऱ्याला? एकच मिरवणूक."

"मामा, तुळशीच्या लग्नाच्या आधी सनई तोंडाला लावायची नाही."

त्यांनी बोटांवर आठवडे मोजले. "बरं. मग पहिली सुपारी तुमच्याच दारातल्या तुळशीची. पण सर, बिदागी आत्ताच ठरवून घेऊ. नंतर तुम्ही डॉक्टर म्हणून मला बोलता येत नाही."

ठरवली. त्यांनी दोनशे वाढवून घेतले.