एका दिवसाची नोकरी आणि तिचा हिशेब

कॅलिफोर्नियाच्या बे एरियातील एका लहान दवाखान्याचे कार्यालयीन काम मी काही वर्षे पाहत असे आणि मेडिकल असिस्टंटच्या जागेसाठी आलेले अर्ज चाळण्याचे काम माझ्याकडे होते. एका मुलीच्या अर्जात शाळेनंतरचे एक वर्ष कोरेच होते. मुलाखतीत त्याविषयी विचारले, तेव्हा तिने प्लास्टिकच्या पाकिटात जपून ठेवलेले सर्टिफिकेट काढून टेबलावर पालथे ठेवले. तिचे खासगी करिअर कॉलेज, म्हणजे एखाद्या ठरावीक नोकरीचे शिक्षण देणारे कॉलेज, सरकारी चौकशीनंतर बंद पडले होते आणि त्याचे नाव लिहिले की कुठूनच फोन येत नाही, हा अनुभव घेऊन तिने ते लिहिणेच सोडले होते. रक्तदाब मोजणे, रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या लावणे ही कामे तिला नीट येत होती. नियम मोडले होते कॉलेजने, आणि नाव लपवण्याची वेळ आली होती तिच्यावर.

ही गोष्ट एकटीदुकटीची नाही, हे पुढे कोरिंथियन कॉलेजेसच्या प्रकरणाविषयी वाचत गेले तेव्हा मला कळले. १९९५ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी एव्हरेस्ट, हील्ड आणि वायोटेक या नावांनी कॉलेजे चालवत असे आणि २०१४ मध्ये तिच्याकडे शंभराहून अधिक ठिकाणी मिळून सुमारे ७२,००० विद्यार्थी होते. वर्षाला सुमारे १.४ अब्ज डॉलर तिला केंद्र सरकारच्या विद्यार्थी-मदतीतून, म्हणजे विद्यार्थ्यांना फीसाठी मिळणाऱ्या कर्जांतून आणि अनुदानांतून मिळत. या सगळ्या डोलाऱ्याचा मोठा आधार होता प्लेसमेंटचा आकडा, म्हणजे उत्तीर्ण झालेल्यांपैकी किती जणांना शिकलेल्या कामात नोकरी लागली याचे प्रमाण. प्रवेश घ्यावा की नाही हे विद्यार्थी त्यावर ठरवतो आणि मान्यता देणारी संस्था त्यावर विसंबते, म्हणून तो आकडा खरा देणे हे नियमाने बंधनकारक असते.

तो आकडा कसा तयार होत होता, हे एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण विभागाने हील्डला ३ कोटी डॉलर दंड ठोठावताना तपशीलवार मांडले. चुकीच्या दाखवलेल्या प्लेसमेंटची ९४७ उदाहरणे विभागाला सापडली होती. लेखाशास्त्र शिकलेली एक विद्यार्थिनी २००६ पासून फास्ट फूडच्या दुकानात काम करत होती. तिची तीच नोकरी 'लेखाशास्त्रातील नोकरी' म्हणून नोंदवली गेली. काही विद्यार्थ्यांना तर कॉलेजने हंगामी कामगार पुरवणाऱ्या एजन्सीला पैसे देऊन स्वतःच्याच आवारात दोन दिवसांचे काम मिळवून दिले. काम काय, तर संगणक इकडून तिकडे हलवणे आणि तारा गुंडाळून ठेवणे. ग्राहक वित्त संरक्षण विभागाने २०१४ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात आरोप होता की, एक दिवसाचे काम आणि दुसऱ्या दिवसाचे आश्वासन एवढ्यावरही कंपनी 'करिअर' मिळाल्याचे मोजत असे. ज्या मुलांच्या घरात आधी कोणी कॉलेजची पायरी चढलेले नाही, त्यांना या आकड्यामागे काय आहे हे कसे कळावे? कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांत तर ज्यांचा आत्मविश्वास कमी आहे, ज्यांची काळजी करणारे फारसे कोणी नाही, अशांनाच गाठायचे असे वर्णन होते, हे कॅलिफोर्नियाच्या महान्यायवादी कमला हॅरिस यांनी २०१३ मध्ये दाखल केलेल्या खटल्यात पुढे आले. ते वाचून मला फार वेळ दुसरे काही सुचले नाही.

जून २०१४ मध्ये शिक्षण विभागाने मागितलेली माहिती मिळाली नाही म्हणून मदतीचे पैसे २१ दिवस रोखून धरले, आणि एवढ्यानेच कंपनीची रोकड आटली. पुढच्या फेब्रुवारीत कॅनडातील ओंटारियो प्रांतात एव्हरेस्टची १४ कॉलेजे नोंदणी निलंबित होऊन बंद झाली. एप्रिलच्या अखेरीस अमेरिकेतील उरलेली २८ कॉलेजे एका रविवारी कायमची बंद झाल्याचे जाहीर झाले आणि सुमारे १६,००० विद्यार्थी अर्ध्या शिक्षणात उभे राहिले. त्यांना दुसरीकडे जावे म्हटले तरी करिअर कॉलेजांची क्रेडिट, म्हणजे तिथे पूर्ण केलेले विषय, बहुतेक सार्वजनिक कॉलेजे धरत नाहीत.

सुक्याबरोबर ओलेही जळते, तसे प्रामाणिकपणे शिकवणाऱ्या लहान कॉलेजांचेही झाले. आमच्याकडे अर्ज चाळताना 'करिअर कॉलेज' असे दिसले की तो खाली ठेवण्याची सवय मलाही लागली होती. ते चूक होते, हे आज लिहून ठेवते. वर्गात मनापासून शिकवणारे शिक्षकही एका दिवसात बेकार झाले. २०१६ मध्ये न्यायालयाने १.१ अब्ज डॉलरचा निकाल दिला, पण दिवाळखोरीत गेलेल्या कंपनीकडून वसूल काय होणार? अखेर जून २०२२ मध्ये सरकारने या कॉलेजांत शिकण्यासाठी कर्ज घेतलेल्या ५,६०,००० जणांचे ५.८ अब्ज डॉलरचे कर्ज माफ केले. भार पडला तो करदात्यांवर, म्हणजे ज्यांनी या कॉलेजांचे नावही ऐकले नव्हते त्यांच्यावर. माफी योग्यच होती. मात्र तोपर्यंत कॉलेजे बंद होऊन सात वर्षे उलटली होती.

त्या मुलीला आम्ही कामावर घेतले. तिला नर्स व्हायचे होते. दोन वर्षांनी तिने सार्वजनिक कम्युनिटी कॉलेजात नाव घातले, तेव्हा जुन्या सर्टिफिकेटमधला एकही विषय धरला गेला नाही. जेवणाच्या सुट्टीत ती हाडांची नावे असलेली कार्डे माझ्या हातात देई आणि मी विचारत जाई; ती हाडे तिने एकदा फी भरून शिकलेली होती.