तुम्ही विचारलंत म्हणून : डॉक्टर असं म्हणालेच नव्हते

मी तर्कशास्त्र शिकवते हे कळलं की एक प्रश्न हमखास येतो : रोजच्या बोलण्यात तर्क लावून काय मिळतं? माणसं काय गणितं मांडून बोलतात का?

नाही बोलत. पण ऐकताना मात्र आपण भराभर अनुमानं काढत असतो, आणि समोरच्याने न उच्चारलेली वाक्यं त्याच्या तोंडी घालत असतो. तर्क लागतो तो तिथे.

मावशीच्या तपासणीच्या वेळी डॉक्टर म्हणाले होते, "रिपोर्ट नॉर्मल आला तर काळजीचं काही कारण नाही." रिपोर्टमधला एक आकडा मर्यादेच्या जरासा वर निघाला आणि डॉक्टर भेटणार होते दुसऱ्या दिवशी. ती रात्र मावशीने आणि मी जागून काढली. आम्ही दोघींनी एकच ऐकलं होतं : नॉर्मल नाही आला तर काळजीचं कारण आहे. डॉक्टर असं म्हणालेच नव्हते. नॉर्मल न आल्यास काय, याबद्दल त्या वाक्यात एक अक्षर नव्हतं. सकाळी त्यांनी आकडा पाहिला, महिन्याभराने पुन्हा तपासू म्हणाले, आणि विषय तिथे मिटला. मी तेव्हा तर्कशास्त्र शिकत होते. हीच चूक वहीत ओळखता यायची, कानावर आली तेव्हा ओळखता आली नाही. ती रात्र मी विसरलेले नाही.

'जर-तर'चं वाक्य एकाच दिशेने चालतं. आपल्या नैयायिकांनी, म्हणजे न्यायदर्शनाच्या जुन्या तर्कपंडितांनी, हे फार सुंदर सांगून ठेवलंय. जिथे धूर तिथे अग्नी, हे खरं. पण जिथे अग्नी तिथे धूर? तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा बघा, अग्नी आहे, धूर नाही. धुराला ओलं सरपणही लागतं. अर्ज-नियमांच्या भाषेत हाच घोळ 'शिवाय'मुळे होतो. 'साठ टक्के गुण असल्याशिवाय अर्ज करता येणार नाही' हे वाचून बासष्ट टक्केवाला प्रवेश मिळालाच असं धरून बसतो. नियमाने त्याला फक्त दारापर्यंत येऊ दिलंय.

मग नेमका अर्थ काढायचा कसा? माझ्याकडे एकच प्रश्न आहे, तो मी स्वतःला सारखा विचारते : हे वाक्य खोटं ठरायला काय घडावं लागेल? जे घडल्याने वाक्य खोटं ठरत नाही, त्याबद्दल वाक्याने काही शब्द दिलेला नसतो.

हा प्रश्न आपल्याला सहज सुचत नाही, हे पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ मध्ये चार पत्त्यांनी दाखवलं. प्रत्येक पत्त्याच्या एका बाजूला इंग्रजी अक्षर, दुसऱ्या बाजूला संख्या; समोर दिसतात ई, के, ४ आणि ७. नियम असा की एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम संख्या असते. नियम तपासायला कुठले पत्ते उलटायचे? बहुतेक जण ई आणि ४ म्हणतात, नाहीतर नुसता ई. पण ४ च्या मागे काहीही निघालं तरी नियम मोडत नाही. मोडेल तो ७ च्या मागे स्वर निघाला तर. म्हणून ई आणि ७. मला मात्र याहून महत्त्वाचं वाटतं ते १९८२ मध्ये ग्रिग्ज आणि कॉक्स यांनी केलेलं काम. त्यांनी तोच सांगाडा ठेवून नियम बदलला : बिअर पीत असेल तर वय १९ च्या वर हवं. आता बहुतेकांना जमलं. बिअर लिहिलेला पत्ता उलटायचा आणि १६ वय लिहिलेला. म्हणजे कुवत आपल्यात आहेच. नियम कोण आणि कसा मोडेल हे डोळ्यांपुढे आलं की ती जागी होते.

मराठीत तर हा प्रश्न विचारायला 'च' हे अक्षर पुरतं. 'ती रविवारीच येते' : बुधवारी दिसली की खोटं. 'ती रविवारी येतेच' : बुधवारी खुशाल येऊ दे, एक रविवार चुकला की खोटं. 'तीच रविवारी येते' : दुसरं कुणी आलं की खोटं. एक अक्षर जागा बदलतं आणि वचन बदलतं. संस्कृतातल्या 'एव'चेही ('च'चेही) जागेनुसार तीन अर्थ ७व्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध तर्कपंडिताने वेगळे करून दाखवले. परंपरेतली उदाहरणं अशी : शंख पांढराच असतो (पांढरा नाही असा शंख नाही), अर्जुनच धनुर्धर (दुसरा कुणी नाही), निळं कमळ असतंच (एखादं तरी निळं असतं). इतकं नेमकं साधन रोज जिभेवर असताना आपण भांडणात 'तू नेहमीच असं करतोस' म्हणतो तेव्हा मला वाईट वाटतं. ते वाक्य एका अपवादाने पडतं; मग समोरचा तो अपवाद शोधत बसतो आणि मूळ दुखणं बाजूला राहतं.

नकाराचंही तसंच. 'सगळी मुलं आली नाहीत' यात एकही आलं नाही, की काही राहिली? लिहिताना मी 'सगळी काही आली नाहीत' किंवा 'एकही आलं नाही' असं लिहिते. प्रश्न मिटतो.

पण शब्दापलीकडचा अर्थ खोटा, असं मी म्हणत नाही. 'सूर्य मावळला' हे काव्यशास्त्रातलं जुनं उदाहरण : गुराख्याला त्यातून गुरं परत न्यायची वेळ झाली हे कळतं, चोराला कामाची वेळ झाली हे. दोघेही बरोबर ऐकतात. हा ध्वनी, म्हणजे न उच्चारता सुचवलेला अर्थ, ओळखायची खूण पॉल ग्राइस या तत्त्वज्ञाने दिली आहे : तो मागे घेता येतो. 'काही मुलं पास झाली' यातून सगळी झाली नाहीत असं वाटतं, तरी 'काही काय, सगळीच झाली' असं पुढे जोडलं तर विसंगती होत नाही. वाक्याने सांगितलेलं मात्र असं परत घेता येत नाही. डॉक्टरांचं वाक्य ऐकून आम्ही धरला तो ध्वनी होता. तो मागे घेता येण्याजोगा होता, आणि आम्ही तो निकाल समजून रात्रभर उशाशी घेतला.

आता कुणाबरोबर दवाखान्यात गेले आणि डॉक्टर 'नॉर्मल आला तर' म्हणाले, की खुर्चीवरून उठण्याआधी मी विचारते, "आणि नाही आला तर?"