दोन किवी

"भावाच्या पेशी वाढल्या का हो, ताई?"

संध्याकाळी फळवाल्या काकांनी विचारलं. मी "हो, बरा आहे आता" म्हणाले, दोन किवी घेतल्या, पैसे दिले आणि निघाले. खोटं का बोलले, मलाच कळलं नाही.

दादाला जाऊन दीड महिना झाला. हिरड्यांतून रक्त आलं, पायांवर लाल ठिपके उठले, तेव्हा सगळ्यांनी डेंग्यू ठरवूनच टाकला. आपल्याकडे पेशी कमी म्हणजे डेंग्यूच. पपईच्या पानांचा रस झाला, किवी झाल्या, कुणीतरी शेळीचं दूधही आणून दिलं. डेंग्यू नव्हताच. प्लेटलेट किमान दीड लाख हव्यात, त्याच्या ९ हजार. हाडांच्या आत जिथे रक्तपेशी तयार होतात, ती अस्थिमज्जा तपासली तर जवळजवळ रिकामी. अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. १९ दिवसांत संपलं सगळं.

रक्तपेढीत प्लेटलेटच्या पिशव्या यंत्रावर सतत हलत्या ठेवतात, पाळण्यात ठेवल्यासारख्या. तरी जेमतेम ५ दिवस टिकतात. मी काचेतून तेच बघत उभी राहायचे.

फाईलवर एक शब्द होता, 'इडिओपॅथिक'. मला वाटलं, हेच कारण असणार. डॉक्टर म्हणाले, "कारण सापडलं नाही, एवढाच त्याचा अर्थ." बहुतेकांत सापडतच नाही म्हणे. एवढा भारदस्त शब्द, आणि आत काहीच नाही!

आई अजून विचारते, "त्या महिन्यात त्यानं बाहेर काय खाल्लं होतं गं?"

किवी ओट्यावर तशाच पडल्यात. काकांना खरं सांगू का उद्या? की निदान त्यांच्या हिशेबात तरी दादा बरा होऊ दे?