पहाटेची उलटी आणि दाढीचा वास

आमची ७ किलो वजनाची शित्झू जातीची कुत्री, चिंगी, महिन्यातून दोनतीनदा पहाटे फेसाळ, पिवळसर उलटी करी आणि लगेच शेपूट हलवत वाटीपाशी जाऊन उभी राही, त्यामुळे दुखणे नेमके काय आहे हेच उमगत नव्हते. कोथरूडमधल्या पशुवैद्यांनी सांगितले, की रात्रभर पोट रिकामे राहिल्यास पित्त जठरात येऊन अस्तराचा दाह होतो; म्हणून आता झोपण्यापूर्वी तिच्या रोजच्याच खाण्यातला थोडा हिस्सा देतो आणि उलट्या जवळपास थांबल्या आहेत. अर्थात रक्त दिसले, वारंवार उलट्या झाल्या किंवा मरगळ आली, तर थेट दवाखाना गाठावा.

दाढीच्या वासाचे प्रकरण अधिक चिवट निघाले. ओल्या केसांत लाळ व अन्नकण अडकून जिवाणू आणि यीस्ट वाढतात, त्यातून पुण्याचा पावसाळा, ज्यात आमचे टॉवेलही वाळत नाहीत. प्रत्येक जेवणानंतर कोमट पाण्यात पिळलेल्या सुती फडक्याने तिची हनुवटी पुसून, कोरडी करून विंचरतो. वाटीही आता स्टीलची, उथळ आहे. तरीही वास उरला, तेव्हा ओठ उचलून पाहिले, तर दाढांवर तपकिरी कीटण साचलेले होते.