सांतिनेजची खाडी: काठाने जायचं असेल तर आधी भरती बघा

"ताळगावपासून कांपालपर्यंत काठाकाठाने वाट आहे, दोन तासांत होईल," या एका मित्राच्या शब्दावर आम्ही पणजीतल्या सांतिनेजच्या खाडीकाठाने निघालो. पाच तास लागले. सलग वाट नाहीच! खाडीची लांबी चार किलोमीटरच्या आत आहे, म्हणून फसू नका.

ताळगावची शेतं छान आहेत, तासाभरात संपतात.

खरा त्रास कामराभाटजवळ. आम्ही ऐन ओहोटीला पोचलो. पात्रात पाणी असं नव्हतंच. काळा गाळ, त्यावर प्लास्टिक, आणि थेट आत सोडलेली गटारं. वाट एका कंपाउंडच्या भिंतीशी संपली. वळसा टाळायला आमच्यातला एकजण खाली उतरला आणि गुडघ्यापर्यंत रुतला. त्याला ओढून काढलं, बूट आतच राहिला. सत्तर-ऐंशी पावलांना पाऊण तास गेला, वासाने डोकं धरलं ते रात्रीपर्यंत. हा टप्पा काठाने करूच नका. रस्त्यावर या आणि सांतिनेजच्या पुलावर पुन्हा खाडी गाठा. पायाला जखम असेल तर घरीच थांबा.

पुलावर दमून बसलो असताना भरती लागली. गाळ झाकला गेला आणि कचरा उलटा, ताळगावच्या दिशेने चालू लागला. मांडवी नदीचं पाणी असं दिवसातून दोनदा आत शिरतं. त्याच वेळी जोराचा पाऊस आला की शहराचं पाणी बाहेर पडू शकत नाही, पणजी तुंबते. समुद्राची पातळी वाढते आहे, तसं हे वाढणारच. खाजनं, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून वाचवलेली सखल शेतं, राखणाऱ्या जुन्या गोंयकारांना हा हिशेब पक्का ठाऊक होता: मानशीची (बांधातल्या पाणी सोडायच्या वाटेची) दारं भरतीच्या दाबाने मिटतात, ओहोटीला उघडतात, आणि सखल शेत पावसाचं पाणी तेवढा वेळ धरून ठेवतं.

म्हणून गाळ उपसला, काठाला भिंत घातली की खाडी सुधारली, हे मला पटत नाही. गटारं तशीच राहिली तर गाळ परत साचेल. आधी घरोघरचं सांडपाणी मलनिस्सारण वाहिनीला जोडा, ताळगावच्या शेतांतला भराव थांबवा, काठावर खारफुटीला जागा सोडा. भिंतीचं नंतर बघू.

जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघून, पूर्ण भरतीच्या दोन-अडीच तास आधी ताळगाव सोडावं. घोट्यावर येणारे जुने बूट, पाणी आणि एक काठी घ्या. पावसाळ्यात नको. कांपालला मुखाशी आम्हाला खारफुटीच्या फांदीवर खंड्या दिसला, चोचीत मासा होता. पाच तासांत खाडीत दिसलेला तो पहिला मासा.