तुम्ही विचारलंत म्हणून: पोरांशी बोलायला डिग्री लागते का?

पुण्यात सदाशिव पेठेत, शास्त्री रस्त्याच्या आसपास राहणारी बरीच मंडळी हे विचारतात. स्पर्धा परीक्षांसाठी अभ्यासिकेत जाणारी-येणारी पोरं रोज दिसतात, त्यातलं एखादं आतून मिटत चाललंय हेही कळतं. मग प्रश्न येतो, "आम्ही काही मानसशास्त्र शिकलेलो नाही. स्वयंसेवक म्हणून त्यांच्याशी बोलायचं तरी काय?"

डिग्री लागत नाही, प्रशिक्षण लागतं. पुण्यात ‘कनेक्टिंग’ ही संस्था २००५ पासून आत्महत्या रोखण्याचं काम करते, आणि तिथे फोन घेणारे प्रशिक्षण घेतलेले स्वयंसेवकच असतात. जिथे पहिल्याच दिवशी तुम्हाला मुलांसमोर बसवतात आणि अडलं तर विचारायला अनुभवी माणूस नसतो, तिथे जाऊ नका.

बोलायचं फार थोडं असतं. "दोन मार्कांनी प्री (पूर्वपरीक्षा) हुकली," असं मुलगी सांगते आणि आपल्या तोंडून लगेच ‘प्लॅन बी’ बाहेर पडतो. तो तिला गावाकडच्या प्रत्येक काकाने ऐकवलेला असतो. त्यापेक्षा "मग घरी काय सांगितलंस?" एवढं विचारा आणि गप्प बसा. ती गप्प राहिली तर मनात दहा आकडे मोजा, पण मध्ये बोलू नका. जागाही नीट निवडा. बंद खोली नको, चहाची टपरीही नको, तिथे ओळखीचं कुणीतरी निघतंच. बागेतला बाक बरा: लोकांना दिसाल, पण ऐकू जाणार नाही. समोरासमोर न बसता शेजारी बसा. पाऊण तास पुरे.

सगळ्यात जास्त चूक होते ती एका प्रश्नाशी. "काही वेडंवाकडं डोक्यात नाही ना?" असं आपण विचारतो. त्या ‘नाही ना’मध्येच उत्तर भरलेलं आहे, समोरचा फक्त मान हलवतो. सरळ विचारा, "जीव द्यावासा वाटतो का?" असं विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. आधीच असेल तर तो बोलायची वाट मोकळी होते. "हो" आलं, तर पुढचे प्रश्न: कसं करायचं ते ठरवलंय का? कधी? त्यासाठी काही जवळ ठेवलंय का? पूर्वी प्रयत्न केला होता का? वेळ आणि मार्ग ठरलेला असेल तर त्याला क्षणभरही एकटं सोडायचं नाही. ते साधन त्याच्यापासून दूर करायचं, ११२ ला फोन करायचा किंवा सोबतीने ससून रुग्णालयाचा अपघात विभाग गाठायचा. पोलिसांची भीती पुष्कळांना असते. म्हणून हेही माहीत असू द्या की मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७, कलम ११५ नुसार प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असंच, उलट सिद्ध झालं नाही तर, गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही.

"कुणालाही सांगणार नाही" हा शब्द देऊ नका. तो मोडावा लागला तर ते पोर पुन्हा कुणाशी बोलणार नाही. सुरुवातीलाच म्हणा, "आपल्यात राहील. पण तुझ्या जिवाला धोका वाटला तर मी मदत बोलावेन, आणि कुणाला सांगतेय ते आधी तुला सांगेन." अठराच्या आतल्या मुलाने लैंगिक अत्याचाराबद्दल सांगितलं, तर पॉक्सो कायद्याने ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे आपल्या मर्जीचा प्रश्नच उरत नाही.

नुसता नंबर लिहून देणं म्हणजे मदत नव्हे. १४४१६ ही सरकारची ‘टेली-मानस’ सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चोवीस तास, मोफत आणि मराठीतही आहे. पण पहिला फोन शेजारी बसून लावा. ओपीडीला पहिल्यांदा सोबत जा, कारण केसपेपरच्या रांगेतूनच पुष्कळ जण परत फिरतात. नैराश्यावरच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, त्रास मात्र आधी जाणवतो: मळमळ, झोप. आठव्या दिवशी गोळ्या बंद होतात त्या यामुळे. त्या बंद करा किंवा चालू ठेवा, हे आपण सांगायचं नाही. डॉक्टरांना फोन लावून द्यायचा. पंचविशीच्या आतल्यांमध्ये गोळ्या सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत जीव देण्याचे विचार वाढू शकतात, म्हणून त्याच दिवसांत जास्त जवळ राहा.

स्वतःचा नंबर रात्रभर चालू ठेवू नका, संस्थेचा द्या. आठवड्यातून तीन-तीन तासांच्या दोन पाळ्या झाल्या की पुष्कळ. घरात नुकतं कुणी गेलं असेल तर काही महिने थांबा.

दुसऱ्या दिवशी मेसेज मात्र करा, पण "कसा आहेस?" असा नको, त्याला "ठीक" एवढंच उत्तर येतं. "रात्री झोप लागली का? सकाळी काय खाल्लंस?" असं विचारा. पुढची भेट जमलं तर रविवारी संध्याकाळी ठेवा. मेस बंद असते, रूममेट बाहेर गेलेले असतात, आणि ते पोर खोलीत एकटं असतं.