चारित्र्याचा दाखला

बॉम्ब कुणाकडे असावा हे ठरवताना त्या देशातले मानवी हक्क पाहावेत का, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. ठाणे-वाशीकडच्या कॉलेजांत वादविवाद स्पर्धांना मी परीक्षक म्हणून जाते. अण्वस्त्रांचा विषय फिरून फिरून येतोच. बक्षिसं वाटून झाली की चहाच्या टेबलापाशी कुणीतरी गाठतं, "मॅडम, जो देश स्वतःच्याच माणसांना छळतो त्याच्या हातात बॉम्ब नको, एवढं तरी मान्य ना?"

पूर्वी मी पटकन हो म्हणायचे. उत्तर कोरियाचं नाव काढलं की हो म्हणणं सोपंच जातं. तिथल्या छावण्यांबद्दल संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने २०१४ साली जे लिहिलंय, ते वाचवत नाही.

पण आजवर बॉम्ब टाकला कोणी? निवडणुका घेणाऱ्या देशाने. आणि स्वतः बनवलेले बॉम्ब मोडीत काढले कोणी? वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेने. सहा तयार होते, ते मोडल्याचं तिथले राष्ट्राध्यक्ष डी क्लर्क यांनी १९९३ मध्ये संसदेत सांगितलं. (त्यात पुण्य शोधायला जाऊ नका. सत्ता बहुसंख्यांकडे जाणार हे तोवर दिसू लागलं होतं.) अण्वस्त्रप्रसारबंदी करारानेही कुणाचं चारित्र्य तपासलं नाही. १ जानेवारी १९६७ च्या आधी ज्याने स्फोट केला तो अण्वस्त्रधारी, बाकीचे नाहीत. तारीख पाहिली, बस.

म्हणजे मानवी हक्कांचा संबंधच नाही? आहे, आणि चांगलाच आहे. फक्त 'बॉम्ब कुणाकडे असावा' हे ठरवायला तो दाखला मागू नये. स्फोट कुणाच्या अंगणात केले, ते बघावं. अमेरिकेने प्रशांत महासागरातल्या मार्शल बेटांवर १९४६ ते १९५८ या काळात ६७ चाचण्या केल्या. १ मार्च १९५४ च्या स्फोटाची राख राँगेलाप बेटावर पडली, पोरं त्या राखेत खेळली, आणि लोकांना हलवलं ते दोन दिवसांनी. ब्रिटनने ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींची जमीन घेतली, फ्रान्सने अल्जेरियातलं वाळवंट, सोव्हिएतांनी कझाकांचा गवताळ प्रदेश. लोकशाही असो की हुकूमशाही, ज्यांना विचारायची गरज वाटत नव्हती त्यांचाच उंबरा गाठला. सोव्हिएत हायड्रोजन बॉम्बवर काम केलेले साखारोव्ह याच किरणोत्सर्गाच्या हिशेबातून अस्वस्थ झाले आणि पुढे माणसांच्या हक्कांसाठी भांडू लागले. १९८० मध्ये त्यांना गॉर्की शहरात हद्दपार केलं.

एवढं सांगितलं की मला बरं वाटतं. बोट बाहेरच्यांकडे असतं ना.

वाशीच्या खाडीपलीकडे तुर्भे आहे, म्हणजे ट्रॉम्बे. आमच्या बाजूलाही एक तुर्भे आहे, आणि नवा माणूस हमखास गोंधळतो. तर पलीकडच्या तुर्भ्यातल्या सायरस अणुभट्टीतलं प्लुटोनियम १९७४ च्या पोखरण स्फोटात वापरलं गेलं. भट्टी द्यायला कॅनडाने मदत केली होती, तीही शांततेच्या कामासाठी म्हणून. मी कितीतरी वर्षं लोकलने ही खाडी ओलांडते आहे. पलीकडे काय चाललंय असं कधी कुणाला विचारलं नाही.

गेल्या खेपेला एका मुलीने माझं सगळं ऐकून घेतलं, कप खाली ठेवला आणि विचारलं, "मॅडम, मग खेतोलाई?"

पोखरणच्या चाचणी क्षेत्रालगतचं गाव. १९९८ च्या स्फोटांनी घरांना तडे गेले, अशी तिथल्या लोकांची तक्रार आहे. नाव मला माहीत होतं. माझ्या उदाहरणांत ते एकदाही आलं नव्हतं.



"तू परत कधी येतेस स्पर्धेला?" एवढंच मी तिला विचारू शकले.